थँक-यू नोटचं पॅकेज घेतलं, २ स्टार देतेय, तेही मॉक इंटरव्ह्यूमुळे

आम्ही न्यू जर्सीत राहतो, लेक गेल्या सीझनला मेड स्कूलला, म्हणजे इथल्या डॉक्टरकीच्या कॉलेजांना, अप्लाय करत होती. एमकॅट ही प्रवेश परीक्षा झाली, ॲमकॅसचा (सगळ्या कॉलेजांसाठीचा सामाईक अर्ज) फॉर्म झाला, त्यानंतर प्रत्येक कॉलेजचे वेगळे सेकंडरी निबंध झाले आणि शेवटी इंटरव्ह्यूची बोलावणी आली तेव्हा आम्ही इतके टेकीला आलो होतो की जे कोणी "आम्ही बघतो" म्हणेल त्याला पैसे द्यायला तयार होतो. तसेच दिले. एका ऑनलाइन ॲडमिशन कन्सल्टिंग सर्व्हिसचं इंटरव्ह्यू पॅकेज, त्यात दोन मॉक, म्हणजे सरावाचे, इंटरव्ह्यू आणि वर २४९ डॉलरचं ॲड-ऑन, की प्रत्येक इंटरव्ह्यूनंतर २४ तासांत थँक-यू नोट ते लिहून देणार. मला वाटलं छान, तेवढीच एक कटकट कमी.

इथे आधी माझी अडचण सांगते. भारतात एमबीबीएसला नीटचे मार्क आणि कौन्सेलिंगचे राउंड, विषय संपला. माझ्या नणंदेचा मुलगा पुण्याच्या एएफएमसीला, म्हणजे लष्कराच्या मेडिकल कॉलेजला, गेला, तिथे मात्र इंटरव्ह्यू असतो, तो देऊन बाहेर आला, घरी येऊन जेवला आणि झोपला. पॅनेलला आभाराचं पत्र पाठव असं कोणी म्हटलं असतं तर आम्हीच त्याला वेड्यात काढलं असतं. आपण एकतर घरच्यांना थँक यू म्हणत नाही, म्हटलं तर समोरचा रागावतो, आणि म्हणायचंच झालं तर थेट स्टेजवर माईक घेऊन आभारप्रदर्शन. मधलं काही आपल्याकडे नाहीच. त्यामुळे नोट पाठवायची की नाही, कोणाला, किती ओळी, हे मला खरंच कळत नव्हतं आणि हे लोक एक्स्पर्ट असतील असं मी धरून चालले.

पहिली नोट आली आणि काय सांगू, अगदी आभारप्रदर्शनच! "आपल्या अमूल्य वेळेबद्दल", "मेडिसिनबद्दलची माझी पॅशन", "आपल्या नामांकित संस्थेचं ध्येय", फक्त मांडववाले आणि लाउडस्पीकरवाले राहिले होते. त्या इंटरव्ह्यूत लेक प्रत्यक्षात काय बोलली ह्यातलं एक अक्षर नाही, कारण त्यांनी तिला विचारलंच नव्हतं! त्याच कॉलेजात तिचे दोन इंटरव्ह्यू होते, एक डॉक्टरबाईंबरोबर आणि एक चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याबरोबर, तर दोघांच्या नोटमधली चार वाक्यं जशीच्या तशी. आता काही कॉलेजं ही पत्रं मुलाच्या फाइलला लावतात, म्हणजे ॲडमिशन कमिटीत कोणी फाइल उघडलीच तर दोन्ही एकाखाली एक दिसणार. लेकीच्या लक्षात आलं म्हणून वाचलो.

दुसरा प्रकार त्याहून वाईट. एका कॉलेजने पोर्टलवर स्पष्ट लिहिलं होतं की इंटरव्ह्यू घेणाऱ्यांना परस्पर काही पाठवू नका, पाठवायचंच तर ॲडमिशन ऑफिसच्या मेलवर पाठवा. ह्या महाशयांनी काय केलं, त्या डॉक्टरांच्या क्लिनिकच्या वेबसाइटवरून त्यांचा मेल शोधून काढला आणि "पर्सनल टच" म्हणून आम्हाला दिला. अहो, तो माणूस तिथे पेशंट बघतो, त्याला तिथे गाठायचं?

एमएमआयचं तर विचारूच नका. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, एमएमआय (मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू) म्हणजे एका माणसाशी तासभर गप्पा नाहीत, आठ-दहा छोटे छोटे स्टेशन असतात, आधी दोनेक मिनिटं प्रश्न वाचायचा, मग सात-आठ मिनिटं बोलायचं, बेल वाजली की पुढे. लेकीचं सगळं झूमवरच झालं. कॅनडातल्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीने ही पद्धत काढली ती मुळात ह्यासाठी की कोणा एकाच्या आवडीनिवडीवर मुलाचं भवितव्य ठरू नये. आणि ह्यांनी आम्हाला आठ स्टेशनच्या आठ नोट पाठवल्या, नावांच्या जागी "स्टेशन १ चे इंटरव्ह्यूअर", "स्टेशन २ चे इंटरव्ह्यूअर". मी हसले, लेक रडायच्या बेतात. शेवटी तिने ऑफिसला तीन ओळींचा एकच मेल टाकला, दिवस छान आयोजित केला होता, टेक्निकल गोंधळात मदत केलीत, धन्यवाद. बास.

पण मी खरी भडकले ते तिसऱ्या कॉलेजच्या ड्राफ्टवर. शेवटचं वाक्य, "आपलं कॉलेज ही माझी पहिली पसंती आहे". चौथ्यातही तेच!! अहो, त्याला लेटर ऑफ इंटेंट म्हणतात, ते एकाच कॉलेजला द्यायचं असतं, सीझनच्या शेवटी, आणि दिलेला शब्द पाळायचा असतो. थँक-यू नोट वेगळी, नवीन रिसर्च किंवा मार्क कळवायचं अपडेट लेटर वेगळं, हे तर वेगळंच. हा फरक मला महिनाभर वाचून कळला, ह्या धंद्यातल्यांना कळू नये?

मग लेकीने माझ्यासमोर बसून स्वतः लिहिलं. त्या डॉक्टरबाई तिच्याशी गावाकडच्या दवाखान्यात दुभाषी नसताना पेशंटशी कसं बोलतात त्यावर बोलल्या होत्या, लेकीला लगेच आपल्या आजीची आठवण आली होती (सासूबाई इथे ईआरमध्ये, म्हणजे हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत, गेल्या तेव्हा पोटात "कळा" येतात की "मुरडा" येतो हे इंग्रजीत सांगताना आमची जी तारांबळ उडाली ती वेगळी गोष्ट), तर तिने तेवढंच लिहिलं, पाच ओळी, दहा मिनिटं. त्याला बाईंचं दोन ओळींचं उत्तरही आलं. त्याने ॲडमिशन मिळाली का? नाही, तिथे वेटलिस्ट. आणि जिथे ॲडमिशन मिळाली तिथे काही पाठवू नका असं बजावलं होतं, तिथे आम्ही काहीच पाठवलं नव्हतं.

माझ्या ओळखीतले एक गृहस्थ अशा कमिटीवर आहेत, त्यांना विचारलं तर म्हणाले, वहिनी, आम्ही मुलाबद्दलचा शेरा बहुतेक वेळा त्याच दिवशी भरून टाकतो, तुमची नोट येते तेव्हा आमचं काम झालेलं असतं, आली की बरं वाटतं एवढंच. म्हणजे पत्राची पोच म्हणतात ना, तसं. पाठवली तर चांगली सवय, नाही पाठवली तर कोणी मार्क कापत नाही, आणि नको सांगितलेलं असताना पाठवली तर मात्र सूचना वाचत नाही असं दिसतं.

कबुली देते, मीही कमी नव्हते. सीझन नेमका दिवाळीत, मी म्हटलं ॲडमिशन ऑफिसला चकल्या आणि लाडवाचा डबा पाठवूया. नवरा म्हणाला, "अगं, लाच म्हणतील." डबा घरीच संपला.

रिफंड मागितला तर म्हणे ड्राफ्ट डिलिव्हर झालेत, पॉलिसीप्रमाणे मिळणार नाही. दोन मेल, एक फोन, शेवटी पुढच्या सर्व्हिसवर ५० डॉलर क्रेडिट. पुढची सर्व्हिस म्हणजे रेसिडेन्सीची (मेड स्कूलनंतरचं हॉस्पिटलमधलं ट्रेनिंग), आणि तिथे तर कितीतरी प्रोग्रॅम आधीच सांगून टाकतात की थँक-यू मेल पाठवू नका, म्हणजे ते क्रेडिटही गेलंच.

दोन स्टार मॉक इंटरव्ह्यूचे. ते घेणारी मुलगी स्वतः नुकतीच मेड स्कूल संपवलेली होती, तिने लेकीची "लाइक, लाइक" म्हणायची खोड मोडली, कॅमेऱ्याकडे बघायला शिकवलं आणि एमएमआयचे प्रश्न घड्याळ लावून घेतले. मॉक सुटे मिळतात, वेबसाइटवर दिसत नाहीत, मेल करून विचारायचं.