फॅमिलीसर्च: बडोद्यातल्या घराण्याचा खापरपणजोबा सापडतो का?

वंशावळ शोधायच्या या वेबसाइटला पाचपैकी तीन तारे. त्यातला एक फुकटेपणाचा, कारण ईमेल देऊन खातं उघडलं की पैसा लागत नाही.

पहिल्याच पानावर आडनाव आणि 1850 टाकून शोधाल तर हात हलवत परताल. भारताचे इथले नावांनिशी शोधता येणारे मोठे संच म्हणजे बाप्तिस्मे (1786 ते 1947) आणि विवाह (1792 ते 1948), म्हणजे चर्चच्या नोंदी. मराठी ख्रिस्ती घराण्यांनी जरूर बघावेत. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या बाकीच्यांचं काम तिथे होणार नाही.

आपला माल आहे तो तीर्थक्षेत्रांच्या वह्यांत. हरिद्वारच्या पंड्यांच्या, म्हणजे यात्रेकरूंच्या घराण्यांची नोंद ठेवणाऱ्या तिथल्या पुरोहितांच्या, वह्यांची छायाचित्रं इथे आहेत, पण बहुतेकांना नावांची सूची नाही. म्हणून 'कॅटलॉग'मध्ये जाऊन माणसाच्या नव्हे, ठिकाणाच्या नावाने शोधा. कॅमेऱ्याचं चिन्ह असेल तर चित्रं उघडतात. कॅमेऱ्यावर किल्ली दिसली तर घरबसल्या बघता येतीलच असं नाही. पुढे पान-पान चाळायचं. त्याला पर्याय नाही.

इथेच बहुतेकांची गाडी अडते, कारण ते 'बडोदे' शोधतात. पंड्याची वही गावावर लागते, आणि पूर्वजांच्या पिढीने सांगितलेलं गाव बहुधा सातारा-रत्नागिरीकडचं मूळ गाव असतं, नोकरीचं नव्हे. गाव माहीत नसेल तर आधी घरातली सनद, इनामाचा कागद, कुलदैवताचा पत्ता काढा. नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यांकडची नामावळी बघायलाही हाच पत्ता लागतो. तोवर वही उघडूच नका.

तारखांचा घोळ वेगळाच. हरिद्वारकडे विक्रम संवत चैत्रात बदलतो, गुजरातेत कार्तिकात. म्हणून इ.स. 1875 चा आषाढ हरिद्वारच्या वहीत 1932, तर बडोद्याच्या हिशेबाने 1931. पूर्वजाचं वय एका वर्षाने चुकतं ते इथे. घरचे मोडी कागद शुहूर सनाचे (मराठेशाहीतला अरबी आकड्यांचा सन) असतील तर आकडा शब्दांत येतो: 'खमस सबैन मयातैन व अलफ' म्हणजे 5, 70, 200 आणि 1000, एकूण 1275. त्यात मृगापासून डिसेंबरपर्यंत 599 आणि जानेवारीपासून 600 मिळवा. म्हणजे जून 1874 ते जून 1875, मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले ते वर्ष. 'सब्बा' सात आणि 'सबैन' सत्तर, ही गल्लत केली तर पूर्वज साठेक वर्षं सरकतो. साइटवर इंग्रजी तारीख भरा, पण मूळ सन टिपणात जसाच्या तसा लिहा.

एक तारा कापला तो सामायिक वंशवृक्षासाठी. मृत व्यक्तीची नोंद कोणीही बदलू शकतं, आणि आपल्याकडे नातवाला आजोबाचं नाव! दोन 'गोविंद रामचंद्र' दिसले की कोणीतरी त्यांना जोडून टाकतो, मग आजोबा स्वतःच्याच मुलाचा मुलगा होतो. प्रत्येकाला जन्मसाल आणि मूळ गाव जोडलंत तर धोका कमी. दत्तक असेल तर जनक आणि दत्तक असे दोन्ही बाप वेगवेगळे नोंदवा, नाहीतर वडिलांचं नाव बदललेलं बघून पुढचा शोधणारा तुमचीच नोंद खोडेल. बायकांचं माहेरचं नाव मुख्य ठेवा आणि सासरचं पर्यायी नावात.

मोडीची अपेक्षा साइटकडून ठेवू नका, त्यासाठी मोडी वाचणारा माणूसच हवा.