शाळेच्या इंटरनेटला कुलूप की चाळणी?

शाळेत इंटरनेट घ्यायचं ठरलं, की एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या देखरेख समितीच्या, बैठकीत वाद पेटतो तो मुलांना काय उघडू द्यायचं यावरून. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या मराठी शाळेत दोन्ही पद्धती वापरून झाल्या आहेत. एकीत आपण यादीत घातलेल्या साइट्स तेवढ्या उघडतात, बाकी सगळं बंद. दुसरीत सगळं उघडतं, फक्त अश्लील, जुगार, फसवणूक अशा साइट्स राउटरवरच्या डीएनएस फिल्टरमधून अडवल्या जातात. (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा इंटरनेटवरचा पत्ता शोधून देणारी यंत्रणा.)

यादीच्या पद्धतीत पालक निर्धास्त असतात, आणि गावातल्या शाळेला पालकांचा विश्वास गमावून चालत नाही. चौथीपर्यंतच्या वर्गांना मीही तीच सुचवेन. दीक्षा हे सरकारी शिक्षण-संकेतस्थळ आणि पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ एवढ्यावर त्यांचं भागतं.

अडचण सुरू होते वरच्या वर्गांत. आठवीच्या मुली हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिरावर प्रकल्प करत होत्या. विकिपीडिया यादीत होता, लेखही उघडला, पण एकही फोटो दिसेना. विकिपीडियाची चित्रं ‘अपलोड डॉट विकिमीडिया डॉट ऑर्ग’ या वेगळ्याच पत्त्यावरून येतात आणि तो पत्ता यादीत नव्हता. यूट्यूबचंही तसंच: पान एका पत्त्यावरून येतं, व्हिडिओ ‘गूगलव्हिडिओ’वरून. एक साइट सुरू करायची तर तिच्यामागचे चार पत्ते शोधावे लागतात. ते काम बेळगावच्या माणसाकडे. त्याला फोन करायचा, तो म्हणणार उद्या बघतो, तोवर तास संपलेला. सगळ्यात वाईट म्हणजे, साइट अडवली आहे असं स्क्रीनवर कुठेच येत नाही. पान अर्धवट दिसतं, आणि मुलांना वाटतं नेटवर एवढंच आहे. माझं मत फिरलं ते इथे.

त्यात आपल्या भागातल्या मुलांच्या गरजा एका यादीत मावत नाहीत. पुस्तक कर्नाटकचं, मराठी माध्यमाचं. जास्तीच्या सरावाला बालभारतीची पुस्तकं लागतात. कन्नडचा शब्द अडला तर ‘अलर’ हा कन्नड-इंग्रजी कोश उघडावा लागतो, मराठी संज्ञेसाठी विश्वकोश. यादी करणाऱ्याला यातलं निम्मं सुचत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.

फिल्टरच्या पद्धतीतही पळवाटा आहेत. ब्राउझरमधलं ‘सिक्युअर डीएनएस’ चालू राहिलं तर ब्राउझर साइटचा पत्ता परस्पर बाहेरून विचारतो आणि फिल्टर बाजूलाच पडतो, ते प्रत्येक संगणकावर बंद करावं लागतं. कुणी मोबाइलचं हॉटस्पॉट जोडलं तर राउटर काय करणार? नको ते निकाल आणि व्हिडिओ गाळणारा गूगलचा सेफसर्च आणि यूट्यूबचा रिस्ट्रिक्टेड मोड राउटरवरूनच सक्तीचा करता येतो, तो जरूर करा. यूट्यूबच्या कडक पातळीवर शिकवण्याचे चांगले व्हिडिओही कधीकधी गायब होतात. आम्ही मध्यम ठेवली आहे. त्या मोडमध्ये व्हिडिओखालच्या कमेंट्स दिसत नाहीत, हा मला मोठा फायदा वाटतो. आणि स्क्रीन दाराकडे तोंड करून मांडा. शिक्षक खोलीत असले की निम्मी काळजी तिथेच मिटते.

जांबोटी-कणकुंबीकडच्या शाळांसाठी तिसराही मार्ग आहे. पावसाळ्यात तिथे नेटचा भरवसा नाही. किविक्स या मोफत सॉफ्टवेअरने विकिपीडिया संगणकात उतरवून ठेवता येतो. मराठी आवृत्ती सहज मावते, चित्रांसह पूर्ण इंग्रजी आवृत्तीला मात्र शंभर जीबीच्या आसपास जागा लागते. फिल्टर चालवायला माणूस नसेल तर मी आधी हेच बसवेन.

प्रत्येक शाळेची स्थिती वेगळी. संगणक खोलीत बसायला शिक्षकच नसतील, तर यादीच बरी असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पण पाचवीपासून पुढे, शिक्षक हजर असतील, तर मी फिल्टरच्या बाजूचा आहे. मुलीने स्वतः शोधलेलं पान पुरतं उघडलं पाहिजे.

काहीही निवडा, राउटरचा पासवर्ड मुख्याध्यापकांकडे लेखी घ्या, आणि एखादी साइट सुरू-बंद कशी करायची ते बसवणाऱ्याकडून दोन शिक्षकांनी समोर बसून शिकून घ्या. पैसे त्यानंतर द्या.