धरणगावच्या उन्हाळ्यात आरएक्स ६६०० : सात महिन्यांच्या वापरानंतर

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, रात्री सव्वादहाच्या सुमारास, गेम चालू असताना स्क्रीन काळी झाली. हेडफोनमध्ये आवाज येत होता, कीबोर्डचा दिवा चालू होता, फक्त चित्र गेलं. बटण दाबून धरलं, बंद केलं, पुन्हा चालू केलं. वीस मिनिटांनी तेच. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी रागाच्या भरात आरएक्स ६६०० या माझ्या ग्राफिक्स कार्डाबद्दल (स्क्रीनवरचं चित्र तयार करणारा भाग) दोन पानं लिहून काढली, त्यात शेवटचं वाक्य होतं : "कोणीही घेऊ नका." ती पानं अजून माझ्याकडे आहेत. त्यातलं निम्मं आज मला मान्य नाही, म्हणून हे नव्याने लिहितोय.

माझं मशीन तसं जुनंच. रायझेन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम आणि २०१८ पासून साथ दिलेलं १०५० टी-आय ग्राफिक्स कार्ड. मी कृषी केंद्रात हिशोब लिहितो, खरीप-रब्बीच्या हंगामात रात्री नऊशिवाय घरी येत नाही, त्यामुळे खेळायला मिळणारे दीड-दोन तास मला अडखळत खेळायचे नव्हते. चौदा महिने आरडी भरली आणि २०२४ च्या दिवाळीत ती मोडली. हातात होते पंचवीस हजार. एक रुपया जास्त नाही.

त्या पैशात काय काय बसत होतं ते सांगतो, कारण निवडीचा तो महिना मी खरंच अभ्यास केल्यासारखा घालवला. सगळ्यात स्वस्त म्हणजे जुनं आरएक्स ५८०. जळगावात एकाने सात हजारांत देऊ केलं. मी बॉक्सवरचं नाव बघून खूश होतो, पण मशीनला लावून बघितलं तेव्हा कळलं की ते २०४८ शेडरवालं आहे (शेडर म्हणजे चित्राचं गणित करणारे छोटे भाग). मूळ ५८० मध्ये २३०४ असतात. नाव तेच, कार्ड वेगळं. शिवाय १८५ वॅट खाणारं, आणि आधी कुठल्या क्रिप्टो मायनिंगच्या रॅकवर किती वर्षं तापलंय याचा पत्ता नाही. सोडलं.

६५०० एक्सटी नवीन मिळत होतं आणि स्वस्तही होतं. पण ते बोर्डावरच्या स्लॉटच्या फक्त चारच लेन (डेटा जायच्या वाटा) वापरतं. नव्या, दुप्पट वेगाच्या पीसीआय एक्सप्रेस ४.० बोर्डावर ते चालून जातं, माझ्या बी४५० वर स्लॉट ३.० चा, म्हणजे रस्ता निम्म्यावर. त्यात मेमरी चारच जीबी. ती भरली की कार्डाला रॅमकडे धाव घ्यावी लागते आणि नेमका तोच रस्ता अरुंद. वर त्यात व्हिडिओ एन्कोडरच नाही, म्हणजे खेळ रेकॉर्ड करायचा तर सगळा भार प्रोसेसरवर. जुना बोर्ड असलेल्या माणसाने या कार्डाच्या किमतीला भुलू नये, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

एनव्हिडियाच्या ३०५० बद्दल तर सगळ्यांचाच गोंधळ आहे. त्या नावाची दोन कार्डं आहेत. एक २०२२ चं ८ जीबीवालं, १३० वॅटचं. दुसरं २०२४ चं ६ जीबीवालं, ७० वॅटचं, ज्याला वेगळी पॉवर केबल लागत नाही. दुसऱ्यात नुसती मेमरी कमी नाही, कोअरसुद्धा २५६० ऐवजी २३०४ आहेत आणि मेमरीची बस (डेटा जायचा रस्ता) १२८ ऐवजी ९६ बिटची. दुकानदार दोघांनाही "तीस-पन्नास" म्हणतो आणि बिलावरही कित्येकदा तेवढंच लिहितो. तेव्हा बिल घेताना जीबी लिहून घ्या.

शेवटी एएमडीचं आरएक्स ६६०० घेतलं. ८ जीबी, १३२ वॅट, एकच आठ पिनची केबल. जळगावच्या दुकानात सगळे कर धरून ₹२१,५०० ला पडलं. एनव्हिडियाचं १२ जीबीचं ३०६० मला आणखी साडेचार हजारांनी महाग पडत होतं आणि १७० वॅट मागत होतं. आमच्याकडे वॅट हा कागदावरचा आकडा नसतो. जेवढे वॅट आत जातात तेवढी उष्णता खोलीत बाहेर पडते, आणि माझी खोली पश्चिमेच्या भिंतीची, वर पत्रा.

एक चूक होता होता वाचली. माझा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) कॅबिनेटसोबत फुकट आलेला, वर ४५० वॅट छापलेलं. आठ पिनची केबलच त्याला नव्हती. दुकानातला पोरगा म्हणाला, "भो, मोलेक्सचं कन्व्हर्टर लावून देतो, शंभर रुपयात काम." मी जवळजवळ हो म्हणालो होतो. मामेभाऊ भुसावळला इलेक्ट्रिकची कामं करतो, त्याला फोन केला. तो एवढंच म्हणाला, "आधी त्याचं वजन कर." तळहातावर धरला तर रिकाम्या डब्यासारखा हलका. चांगल्या एसएमपीएसला वजन असतं, आत तांबं असतं, मोठे कपॅसिटर असतात. मग ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझचा (कमी वीज वाया घालवण्याचा दर्जा) घेतला, ₹४,२००. म्हणजे पंचवीसच्या वर सातशे गेलेच. ते सातशे बहिणीने दिले आणि अजून परत घेतलेले नाहीत.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळाबद्दल थोडक्यात. आनंद. १०८० पीवर फोर्झा होरायझन ५ हा खेळ हाय सेटिंगवर सेकंदाला साठ फ्रेमच्या बरंच वर, व्हॅलोरंटमध्ये मॉनिटरचे १४४ पूर्ण भरून, आणि सायबरपंक २०७७ रे ट्रेसिंग (खऱ्यासारखी प्रकाश-सावली) बंद ठेवून मध्यम-हाय मिश्र सेटिंगवर साठच्या आसपास. रे ट्रेसिंगसाठी हे कार्ड घेऊ नका, एकदा लावून बघा आणि बंद करा. हे कार्ड आठच लेन वापरतं, पण माझ्या जुन्या स्लॉटवर खेळताना त्याचा फरक मला कुठे जाणवला नाही. आणि शांतता! डेस्कटॉपवर असताना कार्डाचे पंखे फिरतच नाहीत. थंडीत रात्री लाईट मंद करून बसलो की मशीन चालू आहे की बंद, कळायचं नाही. मला ती शांतता फार आवडली होती. पुढे एप्रिलमध्ये त्याच सोयीने मला रडवलं, म्हणून आता पंख्याबद्दल सविस्तर.

या कार्डात झिरो आरपीएम नावाची सोय मुळातच चालू असते. ठराविक तापमानापर्यंत पंखे थांबलेले. माझ्या कार्डात ते साठच्या आसपास सुरू होतात आणि पन्नासच्या आसपास थांबतात. ज्यांच्या खोलीत पंचवीस अंश असतात त्यांचं कार्ड नुसतं बसून साठला जातच नाही. आमच्याकडे मार्च संपत आला की दुपारी खोलीतच ३८-३९. कार्ड काही न करता, नुसता ब्राउझर उघडा असताना साठला पोचतं. पंखे घुर्रकन सुरू होतात, दोन मिनिटांत पन्नासला आणतात, थांबतात. पुन्हा चढतं, पुन्हा घुर्र. दिवसभर. मी हिशोबाची एक्सेल शीट घेऊन बसलोय आणि दर तीन मिनिटांनी कानाशी कुणीतरी मोटरसायकलला किक मारतंय असं वाटायचं. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "हाई काय खडखड व्ही राहिनी रे?"

मार्चच्या शेवटी त्या घुर्रच्या आधी एक 'टक' ऐकू यायला लागलं. टक, टक, मग घुर्र. मी दुर्लक्ष केलं. ती माझी चूक, स्पष्ट सांगतो. दोन आठवड्यांनी स्क्रीन काळी झाली.

सॉफ्टवेअरमध्ये आकडे बघितले तर कार्डाचं साधं तापमान ८४ आणि हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात तापलेली जागा) १०९. या पिढीच्या कार्डांची हॉटस्पॉटची मर्यादा ११० आहे. पंख्याचा वेग मात्र व्यवस्थित दिसत होता. म्हणून मी ठरवून टाकलं की चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळली, कार्डच खराब. वॉरंटीत द्यायचं.

सर्व्हिस सेंटरचं नाव लिहीत नाही. आधी पाच दिवस ईमेल, मग जळगावहून कुरिअर, ₹३८० माझे. एकोणीस दिवस कार्ड तिकडे. मी रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोन लावायचो, रोज वेगळा माणूस, रोज "साहेब, टेस्टिंगला आहे". शेवटी कार्ड परत आलं आणि सोबत एका ओळीचा कागद : तपासणीत दोष आढळला नाही. मी विचारलं, कोणत्या तापमानात तपासलं? उत्तर मिळालं, एसी लॅबमध्ये, उघड्या बेंचवर. मी म्हटलं, अहो माझ्या खोलीत दुपारी एकोणचाळीस असतात, कॅबिनेट बंद असतं. त्यावर पलीकडचा म्हणाला, "मग खोली थंड ठेवा." या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. पावती घेऊन, पैसे मोजून घेतलेली वस्तू आमच्या गावच्या हवेत चालली पाहिजे. खान्देशात उन्हाळा काही यंदाच आलेला नाही.

कार्ड परत लावण्याआधी आबांनी ते हातात घेतलं. आबांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, पण तीस वर्षं त्यांनी विहिरीवरच्या मोटारी उघडल्यात. त्यांनी पंख्याला बोटाने हलकेच ढकललं. एक पंखा चार-पाच फेरे फिरून थांबला. दुसरा अर्ध्या फेऱ्यात अडला. "हाऊ पंखा जड शे," ते म्हणाले. मोबाईलचा टॉर्च लावून बघितलं तर अडणाऱ्या पंख्याच्या मध्यभागी, दांड्याच्या भोवती, करड्या रंगाचं कडं. धूळ वाटली. आईचा भुवया करायचा चिमटा घेऊन टोक आत घातलं आणि ओढलं, तर धागा निघाला. ओढत गेलो तसा येत गेला, वितीएवढा, पिळलेला, मधे मधे खराब कापसाच्या कवडीचा काळा कण. रुई होती. आमच्या घराच्या मागे शे-दीडशे मीटरवर कापसाची जिनिंग आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत तिथे सरकी निघते आणि वाऱ्याबरोबर रुई उडते. दारावर, तुळशीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. कार्डात पण बसली. हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या) पात्यांमध्ये तर गादीच झाली होती.

म्हणजे झालं असं : सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही पंख्यांचा मिळून एकच आकडा दिसतो, तो धड पंख्याचा होता. दुसरा पंखा सुरू व्हायला धडपडायचा, ते 'टक'. सतत फिरणारा पंखा थोड्या कचऱ्यातही फिरत राहतो, पण थांबलेल्याला उठायला जोर लागतो, आणि झिरो आरपीएममुळे तो दिवसातून दोनशे वेळा थांबायचा. सर्व्हिस सेंटरने एकोणीस दिवसांत बोट लावून एकदा फिरवून बघितला असता तरी कळलं असतं. जी रुई मी चिमट्याने काढली ती तिकडे जाऊन आलेली होती.

साफ करताना कार्ड उघडलं नाही, स्क्रूवर वॉरंटीचं स्टिकर आहे. चिमटा, रंगाचा मऊ ब्रश आणि हवेचा हातपंप. ब्लोअर वापरलात तर पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. हवेच्या जोराने तो भलत्या वेगाने फिरला तर बेअरिंग जातं. मग एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्यूनिंगमध्ये जाऊन झिरो आरपीएम बंद केलं, पंखे कायम ३० टक्क्यांवर. आवाज म्हणाल तर एकसुरी, छताच्या पंख्याखाली ऐकूही येत नाही. पॉवर लिमिटही (कार्डाने खायच्या वॅटची मर्यादा) थोडं खाली आणलं, खेळात तीन-चार फ्रेम गेल्या असतील. आता त्याच खेळात हॉटस्पॉट ८८ च्या वर जात नाही. काळी स्क्रीन पुन्हा एकदाही नाही.

पण एक गोष्ट अजून डोक्याला ताप देते. लाईट अचानक गेली आणि मशीन धाडकन बंद पडलं, की पुढच्या वेळी ते सॉफ्टवेअर म्हणतं, अनपेक्षित बिघाडामुळे सेटिंग मूळ पदावर आणली. म्हणजे झिरो आरपीएम पुन्हा चालू! आमच्याकडे लाईट जाणं हा बिघाड नाही, तो रोजचा भाग आहे. मे महिन्यात अवकाळीच्या वादळांनी चार दिवसांत सहा वेळा मी तेच सेटिंग पुन्हा केलं. त्यावर दोन उपाय सापडले. आपलं प्रोफाइल फाइलमध्ये जतन करून ठेवा, दोन क्लिकमध्ये परत लागतं. आणि घरच्या इन्व्हर्टरच्या मागे बटण बघा. आमचं सात वर्षं नॉर्मल मोडवर होतं, ते यूपीएस मोडवर केलं तर लाईट गेल्यावर मशीन बंदच पडत नाही. हे बटण मला आधी माहीत असतं तर!

मग घ्यावं की नाही? जुना बोर्ड, १०८० पी मॉनिटर, वीस-बावीस हजार आणि फक्त खेळणं, असं असेल तर घ्या, मी आजही हेच घेईन. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे, ब्लेंडर वापरणारे असाल तर एनव्हिडियाच बघा, तिथे कुडाचा (असली कामं त्यांच्या कार्डावर वेगाने करणाऱ्या तंत्राचा) फरक मोठा पडतो. आणि ऑफिसातून निघालेलं सेकंडहँड ब्रँडेड मशीन असेल, ज्याचा एसएमपीएस छोटा आणि बदलता न येणारा असतो, तर ६ जीबीवालं ३०५० बरं. अमळनेरच्या मित्राला मी तेच घ्यायला लावलं, केबलशिवाय बसलं, तो खूश आहे.

मृगाचा पाऊस पडून गेला, खोलीत आता तीस-एकतीस आहेत. कॅबिनेटच्या पुढच्या जाळीवर मी आईच्या जुन्या नायलॉनच्या ओढणीचा तुकडा ताणून लावलाय, दोन रबरांनी. दर रविवारी काढून झटकतो. नोव्हेंबरात जिनिंग सुरू होईल तेव्हा तो किती रुई अडवतो ते दिसेल. वॉरंटी २०२७ च्या दिवाळीपर्यंत आहे. बिल थर्मल कागदावरचं होतं, उन्हाळ्यातच त्यावरची अक्षरं फिकी पडायला लागली होती, म्हणून त्याच्या दोन झेरॉक्स काढल्या. एक कपाटात, एक कृषी केंद्राच्या माझ्या खणात.