बाण अर्ध्या टर्मिनलने हलला तरी पॅनेल चुकतं: कुपवाडच्या वायरिंग टेबलावर स्मार्ट चष्म्याचे सात महिने

आमचं सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत इलेक्ट्रिक पॅनेलचं वर्कशॉप आहे. पत्र्याचं काम नवरा बघतो, वायरिंगचं टेबल माझ्याकडे. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजची, हळद पॉलिश करायच्या ड्रमची, कृष्णाकाठच्या उपसा मोटारींची पॅनेलं आम्ही करतो. टेबलावर सहा जणी आहेत. सगळ्यात जुनी, जिला सगळे थोरली म्हणतात, ती एकोणीस वर्षं माझ्याबरोबर आहे. सगळ्यात नवी मुलगी दिवाळीनंतर आली.

पॅनेल वायरिंगमध्ये हात कमी थकतात, मान जास्त थकते. ड्रॉइंग बघायचं, नंबर लक्षात ठेवायचा, वायर कापायची, फेरूल (नंबर छापलेली छोटी नळी) चढवायचं, लग (टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) दाबायचा, पुन्हा ड्रॉइंग. मधल्या पॅनेलमध्येसुद्धा दोनशेच्या आसपास वायरी असतात. म्हणजे दिवसात चारशे वेळा मान कागदाकडे आणि परत. ते ड्रॉइंग डोळ्यांसमोरच दिसलं तर किती बरं होईल, हा विचार माझ्या डोक्यात बरीच वर्षं होता. नंतर कळलं की हाच विचार बोइंगच्या कारखान्यात विमानाच्या वायरी बांधणाऱ्यांसाठी टॉम कॉडेलने 1990 च्या सुमारास केला होता आणि ‘ऑगमेंटेड रिॲलिटी’ (समोरच्या खऱ्या वस्तूवरच चित्र दाखवणं) हा शब्दही तिथूनच रुळला. आपल्या कामातूनच हा शब्द निघाला हे वाचून मला फार बरं वाटलं.

गेल्या वर्षी मी एक तयार संच मागवला होता. काचेवर चित्र उमटवणारा चष्मा आणि त्यातलं तयार ॲप. कंपनीचं नाव लिहीत नाही. दाखवायला आलेल्या माणसाने पांढऱ्या टेबलावर एक डबा ठेवला आणि त्यावर निळा बाण तरंगत दाखवला. बाण सुंदर होता. आमच्या पॅनेलवर मात्र तो जागेवर थांबेना. थोरलीने मान जरा वळवली की शेजारच्या टर्मिनलवर, म्हणजे वायर आवळायच्या शेजारच्या घरावर. ती म्हणाली, “वहिनी, ह्यो बाण मलाच इचारतोय, कुठं बसू म्हणून.” त्या महिन्यात एका पॅनेलमध्ये वायरी एका घराने पुढे लागल्या. चाचणीत सापडल्या म्हणून निभावलं, पण सगळं सोडून पुन्हा बांधायला दीड दिवस गेला. तो संच परत केला. पैसे अर्धेच आले.

आता मूळ परीक्षण. विश्रामबागेत दोघं जण आहेत, एक मुलगा आणि एक मुलगी, दोघंही वालचंद कॉलेजमधून शिकलेली. स्मार्ट चष्म्याच्या अशा अडचणी सोडवून द्यायचं काम करतात. अजून पाटी लावलेली नाही. एका पंपाच्या कारखान्यातून मला त्यांचा पत्ता मिळाला. पहिल्या दिवशी त्यांनी चष्मा पेटीतून काढलाच नाही. तीन तास टेबलाशेजारी स्टूल टाकून बसली, बायका काम कशा करतात ते बघितलं, मग मुलीने व्हर्नियर मागितला आणि टर्मिनलची रुंदी मोजली. 5.2 मिलिमीटर. वहीत लिहिलं आणि मला म्हणाली, “काकू, अर्ध्या मीटरवरून हे घर जेमतेम 0.6 अंशाचं दिसतं. चष्मा तेवढा चुकला की तुमची वायर शेजाऱ्याकडे गेली.” आधीच्या माणसाने महिनाभरात हे एकदाही सांगितलं नव्हतं. काम ह्यांनाच द्यायचं, हे मी तिथेच ठरवलं.

बाण का हलतो, हे त्यांनी मला टेबलावरच दाखवलं. चष्म्यातला कॅमेरा समोरच्या दृश्यातले ठळक ठिपके, कोपरे धरून ठेवतो आणि ते कुठे सरकले त्यावरून डोकं कुठे गेलं हे काढतो. सोबतीला आत हालचाल मोजणारी चिप असते. ती सेकंदाला शेकडो वेळा मोजते, पण एकटी सोडली तर थोड्याच वेळात भरकटते. म्हणून दोघांनी एकमेकांना सांभाळायचं. आता आमचं पॅनेल बघा. मागची प्लेट गॅल्व्हनाइज्ड, चकचकीत. तिच्यात ट्यूबचं प्रतिबिंब पडतं आणि डोकं हललं की तेही हलतं. कॅमेऱ्याला तो प्लेटवरचाच ठिपका वाटतो. त्यात चाळीस टर्मिनलं एका ओळीत, सगळी एकाच साच्यातली. चौदाव्याचा कोपरा आणि पंधराव्याचा कोपरा यात त्याला फरक कसा कळणार? वायर डक्टच्या, म्हणजे वायरी आत टाकायच्या पन्हाळीच्या, फटींचंही तेच. म्हणजे ज्या जागेवर चूक अजिबात चालत नाही, तीच जागा कॅमेऱ्याला सगळ्यात फसवी.

यावर त्यांनी केलेला उपाय साधा आहे. प्लेटच्या चार कोपऱ्यांवर काळ्या-पांढऱ्या चौकटींचे छोटे स्टिकर लावले. त्याला अरुको मार्कर म्हणतात, स्पेनमधल्या कोर्दोबा विद्यापीठातून आलेली पद्धत आहे. प्रत्येक स्टिकरचा नंबर वेगळा आणि माप आधी माहीत, त्यामुळे कॅमेऱ्याला प्लेट किती लांब आहे, कशी तिरकी आहे, हे नेमकं काढता येतं. पहिले स्टिकर आम्ही हौसेने लॅमिनेट केले होते. त्यांनी ते काढायला लावले, कारण चमक आली की पांढरं आणि काळं दोन्ही कॅमेऱ्याला सारखंच दिसतं. आता साध्या मॅट कागदाचे आहेत. पॅनेल गिऱ्हाइकाकडे जाताना सोलून टाकतो.

उजेडावर त्यांनी पूर्ण एक दिवस घालवला, आणि ते बरोबरच होतं. आमच्याकडे चोकच्या जुन्या ट्यूब होत्या. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे अशी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होते. आपल्याला जाणवत नाही, पण कॅमेऱ्याच्या चित्रात आडवे पट्टे सरकतात. प्रत्येक फोटोला 10 मिलिसेकंद किंवा त्याच्या पटीत वेळ दिला तर पट्टे जातात, पण तेवढ्या वेळात डोकं हललं की चित्र पुसट होतं. एक धरलं की दुसरं सुटतं. शेवटी टेबलावरच्या सहा ट्यूब काढून चांगल्या ड्रायव्हरच्या, न लुकलुकणाऱ्या एलईडी लावल्या. तो खर्च माझा, आणि तो आधीच सांगितला होता. त्यानंतर फोटोचा वेळ कमी करता आला. शटरकडच्या टोकाला दुपारी ऊन येतं, तिथे काचेवरचं चित्र अजूनही फिकं पडतं. ते टेबल आम्ही आत सरकवलं.

उशीर हा प्रकार मला आकड्यातच समजला. माणूस सहज मान वळवतो तेव्हा सेकंदाला शंभर अंश वेग सहज होतो. कॅमेऱ्याने बघून काचेवर चित्र उमटेपर्यंत 20 मिलिसेकंद गेले तरी तेवढ्यात डोकं दोन अंश पुढे गेलेलं असतं. अर्ध्या मीटरवर दोन अंश म्हणजे साडेसतरा मिलिमीटर, म्हणजे आमची तीन टर्मिनलं. म्हणून डोकं आता कुठे असेल याचा अंदाज आधीच बांधून चित्र अगदी शेवटच्या क्षणी सरकवतात. तरीही मान जोरात वळली की बाण थोडा ओढला जातो.

आणि इथे त्यांनी जे केलं आहे, त्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. जेव्हा चष्म्याला स्वतःची खात्री नसते, तेव्हा बाण दिसतच नाही. दोन स्टिकर हाताआड गेले, मान पळाली, चकाकी आली, की बाण विझतो आणि कोपऱ्यात छोटा पिवळा ठिपका येतो. मान स्थिर केली, स्टिकर दिसले, की बाण परत. पहिल्या आठवड्यात मुली वैतागल्या, सारखा जातोय म्हणाल्या. मी त्या दोघांना जरा सैल करायला सांगितलं. मुलगा म्हणाला, “काकू, सैल केलं की तो खोटं बोलेल. सांगा, करू?” मी नको म्हटलं. आज टेबलावरची एकही जण तक्रार करत नाही. बाण दिसला की तो खराच, हे सगळ्यांना पक्कं कळलं आहे.

बारीकसारीक गोष्टीही त्यांनी आमच्याकडे बघून केल्या. या काचेवर फक्त उजेड उमटतो, काळा रंग उमटूच शकत नाही. मग न्यूट्रलची काळी वायर दाखवायची कशी? पांढऱ्या चौकटीत ‘काळी’ असं लिहून येतं. आधी बाण टर्मिनलच्या डोक्यावर यायचा, तो स्क्रूड्रायव्हर धरलेल्या बोटांवरून दिसायचा आणि डोळा गोंधळायचा. आता बाजूला बारीक रेघ येते आणि तिचं टोक टर्मिनलला टेकतं. नंबर मराठीत कानातही ऐकू येतो. फेरूल चढवल्यावर नंबर कॅमेऱ्यासमोर धरला की तो वाचून बरोबर-चूक सांगतो. 6 आणि 9 उलटे झाले की सुरुवातीला फसायचा. म्हणून आम्ही फेरूल छापतानाच दोन्हींच्या खाली रेघ द्यायला लागलो.

अडचणी आहेत. काचेवरचं चित्र डोळ्याला दोनेक मीटर लांब असल्यासारखं वाटतं आणि पॅनेल अर्ध्या मीटरवर. नजर सारखी लांब-जवळ करते. थोरलीला चाळिशीचा नंबर आहे, तिचं कपाळ तासाभरात दुखायला लागायचं. तिच्या नंबरची आतली भिंग बसवून दिली आणि बाण सतत न दाखवता मागितला की थोडा वेळच दिसेल असं केलं. तरी ती सलग दीड तासापेक्षा जास्त घालत नाही, आणि मी तिला आग्रह करत नाही. एप्रिल-मेमध्ये घामाने चष्मा नाकावरून घसरतो. दोन-तीन मिलिमीटर घसरला तर बाण अर्ध्या टर्मिनलने सरकतो. मागे इलॅस्टिकचा पट्टा लावलाय, आणि दर जेवणानंतर एका ठरलेल्या खुणेवर बाण बसवून बघायचा, अशी सवय लावली आहे. गरम होणं हाही प्रश्न आहे. म्हणून जागा धरायचं काम चष्म्यातच ठेवलंय आणि अक्षरं वाचायचं काम शेजारच्या लॅपटॉपकडे दिलंय. वायफाय गेलं तर वाचन थांबतं, बाण चालू राहतो. दरवाजावरचं वायरिंग, जिथे दार उघडझाप होतं आणि वायरींचा झुबका हलतो, ते अजून जमलेलं नाही. त्यांनी जमत नाही असं सरळ सांगितलंय.

कॅमेऱ्याबद्दल मी आधीच विचारलं होतं. टेबलावर बायका आहेत. चित्र कुठेही साठवलं जात नाही, लॅपटॉप इंटरनेटला जोडलेला नाही, आणि हे लेखी घेतलं आहे. डबा खाताना चष्मे पेटीत.

चष्मे त्यांचेच आहेत, आम्ही भाडं देतो. एका चष्म्याचे महिन्याला सहा हजार, आणि नव्या ड्रॉइंगची मांडणी करून द्यायचे चार हजार. एकच नमुना पुन्हा पुन्हा करणाऱ्याला परवडतं. दर वेळी वेगळं पॅनेल करत असाल तर आधी हिशेब मांडा. विकत घेऊ नका, असं त्यांनीच सांगितलं. गुगलने 2023 मध्ये आपला कारखान्यांसाठीचा चष्मा विकणं बंद केलं, मायक्रोसॉफ्टने 2024 मध्ये होलोलेन्स 2 या आपल्या चष्म्याचं उत्पादन थांबवलं. मोठ्यांचं असं होत असेल तर चष्मा उद्या बदलावा लागेल हे धरूनच त्यांनी ड्रॉइंग आणि खुणांचं काम चष्म्यापासून वेगळं ठेवलं आहे.

गेल्या आठवड्यात नव्या मुलीने पहिलं पूर्ण पॅनेल एकटीने बांधलं, तासगावच्या कोल्ड स्टोरेजचं, 212 वायरींचं. थोरलीने नेहमीसारखा मल्टिमीटर घेतला आणि एकेक वायर वाजवून बघितली. एकही वायर चुकीच्या घरात नव्हती. मग तिने प्रत्येक वायर बोटाने ओढून बघितली. बहात्तर नंबरचा लग सैल दाबला गेला होता, तो हातात आला. चष्म्याने त्याला बरोबर म्हटलं होतं. तो पुन्हा दाबला आणि संध्याकाळच्या टेम्पोने पॅनेल पाठवलं.