वेळेचे इंग्रजी वाक्प्रचार आणि केंब्रिज डिक्शनरीचं संकेतस्थळ

डावीकडे इंग्रजी वाक्प्रचार, उजवीकडे एका ओळीत मराठी अर्थ, अशा धाटणीची पाठांतराची पुस्तकं वेळ आणि दिवसांच्या बाबतीत हमखास दगा देतात. ‘द अदर डे’ म्हणजे ‘दुसऱ्या दिवशी’ असं डोक्यात बसलं की माणूस झालेली गोष्ट पुढे ढकलून मोकळा होतो. खरा अर्थ आपल्या ‘परवाच’सारखा आहे, ‘परवाच तो भेटला होता’ मधला. नेमका दिवस सांगायचा नाही, पण फार दिवस झालेले नाहीत. हे बारकावे पकडायला केंब्रिज डिक्शनरीचं संकेतस्थळ फार चांगलं आहे. जाहिराती दिसतात, पण पैसे पडत नाहीत.

शोधताना नुसतं ‘टाइम’ टाकू नका, अर्थांची रांग लागते आणि हवं ते सापडत नाही. ‘इन द निक ऑफ टाइम’ (अगदी शेवटच्या क्षणी) किंवा ‘कॉल इट अ डे’ असा अख्खा वाक्प्रचार टाका, त्याचं स्वतंत्र पान उघडेल. तिथल्या ‘यूके’, ‘यूएस’ अशा खुणा वाचायची सवय लावून घ्या. तिसऱ्या खेपेला तरी जमेल या अर्थाने ब्रिटिश माणूस ‘थर्ड टाइम लकी’ म्हणतो, अमेरिकन ‘थर्ड टाइम्स द चार्म’. ब्रिटिश मित्राने ‘हाफ फाइव्ह’ला बोलावलं तर साडेपाचला जायचं. जर्मनीत राहणाऱ्यांनी इथे जपावं, कारण जर्मनमधलं ‘हाल्ब फ्युन्फ’ म्हणजे साडेचार.

या कोशाची खरी ताकद उदाहरणांच्या वाक्यांत आहे. अर्थ वाचून पान बंद केलं तर निम्मं हातचं गेलं. ‘इट्स टाइम’ घ्या. पुढे लगेच कर्ता आला की क्रियापद भूतकाळी रूपात येतं: ‘इट्स टाइम वी लेफ्ट’. अर्थ मात्र ‘आता निघायला हवं’. आपणही ‘चला, निघालो’ म्हणतो तेव्हा अजून दारातच असतो, त्यामुळे हे मराठी कानाला पटायला जड नाही. कर्ता नसेल तर साधं ‘इट्स टाइम टू लीव्ह’.

सर्वांत जास्त चुका ‘ऑन टाइम’ आणि ‘इन टाइम’मध्ये होतात, कारण आपलं ‘वेळेवर’ दोन्हीकडे चालून जातं. गाडी ठरल्या मिनिटाला सुटली तर ‘ऑन टाइम’. ती सुटायच्या आत आपण फलाटावर पोहोचलो तर ‘इन टाइम’. शिवाय ‘यू विल लर्न इन टाइम’ या वाक्यात त्याच ‘इन टाइम’चा अर्थ ‘हळूहळू, कालांतराने’ होतो.

कोशाचा इंग्रजी-मराठी विभागही आहे. सुट्या शब्दांना तो ठीक आहे, वाक्प्रचारासाठी मात्र इंग्रजी पानच उघडावं आणि मराठी प्रतिशब्द आपणच शोधावा. ‘कॉल इट अ डे’ला ‘आवरतं घेणं’ चपखल बसतं. ‘सेव्ह फॉर अ रेनी डे’मध्ये पाऊस आणू नये. पावसाची वाट बघणाऱ्या मुलखात तो अडचणीचा दिवस वाटत नाही. ‘अडीअडचणीला चार पैसे गाठीला ठेवणं’ हेच बरोबर.

उणीव एकच, पण मोठी: वाक्प्रचार कुठून आला हे हा कोश सांगत नाही. ‘ॲट द इलेव्हन्थ आवर’ म्हणजे ऐनवेळी. कारण कळलं नाही तर रात्रीचे अकरा डोळ्यांसमोर येतात. हा प्रयोग बायबलमधल्या ‘मत्तय’ या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायातल्या द्राक्षमळ्याच्या बोधकथेतून आला. तिथे दिवस सूर्योदयापासून मोजून बारा तासांचा धरला आहे, म्हणजे अकरावा तास संध्याकाळी पाचच्या सुमाराचा. कामाला एकच तास उरला असताना मजूर लावले गेले. एवढं वाचलं की अर्थ पाठ करावा लागत नाही. ‘वन्स इन अ ब्लू मून’ही असाच लक्षात राहतो. एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या तर दुसरीला ब्लू मून म्हणायची आजची रीत आहे. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा असल्याने हे साधारण अडीच-पावणेतीन वर्षांनी घडतं, आपल्या अधिक महिन्यासारखंच. बोलताना मात्र त्याचा अर्थ ‘क्वचित कधीतरी’ एवढाच घ्यायचा.

मोफत खातं उघडलं तर शब्दांच्या याद्या करता येतात. वेळेच्या वाक्प्रचारांची वेगळी यादी करा, एका बैठकीला पाचच घ्या, आणि प्रत्येकाचं उदाहरण वहीत हाताने उतरवून त्याखाली आपल्या कामाचं एक वाक्य लिहा. ‘राउंड द क्लॉक’ (चोवीस तास) असेल तर दवाखान्याचं, ‘अगेन्स्ट द क्लॉक’ (वेळेशी झुंजत) असेल तर महिनाअखेरच्या हिशेबाचं.