युक्रेनी वेशभूषेची तिकिटं: नऊ महिन्यांनंतर

दिवाळीच्या सुमारास युक्रेनच्या लोकवेशभूषेच्या टपाल तिकिटांचा संच मागवला. त्यांच्या टपाल खात्याने 2001 पासून प्रांतवार काढलेली ही मालिका. सोबत युक्रेनी लोकांच्या कॅनडातल्या स्थलांतरावरची पाच तिकिटं वेगळी घेतली.

आधी तक्रार. विक्रेत्याने कोरी तिकिटं साध्या प्लास्टिकच्या पिशवीत पाठवली, आणि मीही ती तशीच ठेवली. जूनमध्ये आमच्याकडच्या दमट हवेत गोंद पाघळून दोन तिकिटं एकमेकांना चिकटली. आता सगळी स्टॉकबुकात, म्हणजे तिकिटं खोचून ठेवायच्या वहीत आहेत, वही उभी ठेवते, शेजारी सिलिका जेलच्या पुड्या. तुम्ही हे पहिल्याच दिवशी करा.

मी भरतकाम करते, त्यामुळे दहापट भिंग घेऊनच बसते. मालिकेतली माणसं सणासुदीला नटलेली आहेत. युक्रेनी रिवाजात फुलांचा नि फितींचा विनोक कुमारिकेच्या डोक्यावर असतो, आणि लग्न झालेली बाई केस ओचिपोक नावाच्या टोपीखाली झाकते. एवढं कळलं की चित्रातल्या बायका वेगवेगळ्या दिसू लागतात. नीपर नदीच्या मधल्या पट्ट्यात कमरेला चौकड्यांची प्लाख्ता, म्हणजे परकरासारखं कापड, गुंडाळायची पद्धत. कार्पेथियन डोंगरात राहणाऱ्या हुत्सुल लोकांचा कीप्तार म्हणजे मेंढीच्या कातड्याचं बिनबाह्यांचं जाकीट. पोल्टावा प्रांताचं पांढऱ्यावर पांढरं भरतकाम मात्र एवढ्याशा कागदावर उतरत नाही. त्यासाठी मोठे फोटोच हवेत.

तरी वही उघडली की हात आधी त्या पाच तिकिटांकडे जातो. 7 सप्टेंबर 1891 ला पश्चिम युक्रेनमधल्या नेबिलिव गावचे इव्हान पिलिपिव आणि वासिल एलेनियाक माँट्रिअलला उतरले. कॅनडातल्या युक्रेनी वस्तीची वर्षं तिथून मोजतात. पुढे कॅनडाचे मंत्री क्लिफर्ड सिफ्टन यांना प्रेअरीवर, म्हणजे पश्चिमेकडच्या गवताळ मैदानांवर, वसवायला हवा होता तो मेंढीच्या कातड्याचा कोट घातलेला दणकट शेतकरी. 1922 मध्ये त्यांनी तसं लिहिलंही. अंगावरचा कोटच त्या माणसाची ओळख झाला!

शतक भरलं तेव्हा, 1991 मध्ये, कॅनडाने चित्रकार विल्यम कुरेलेक यांच्या चित्रांची 40 सेंटांची चार तिकिटं काढली: देश सोडणं, हिवाळा, जमीन मोकळी करणं, गव्हाचं पीक. कुरेलेक जन्मले कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, वडील युक्रेनी वस्तीच्या बुकोविना भागातून आलेले. प्रांतवार मालिकेतला नटवा थाट इथे नाही, इथे राबणं आहे. मला ही चार जास्त खरी वाटतात.

पाचवं युक्रेनचं. 1991 मध्ये स्वतंत्र झालेल्या देशाची पहिली दोन तिकिटं 1 मार्च 1992 ला निघाली, दोन्ही 15 कोपेकची. एक कोसॅक या लढवय्या लोकांच्या 500 वर्षांचं, दुसरं कॅनडातल्या स्थलांतराच्या शतकाचं. नुकताच उभा राहिलेला देश, आणि पहिल्याच दिवशी त्याने गाव सोडून गेलेल्यांची आठवण काढली. हे तिकीट पाहताना मला अजून भरून येतं.

घ्यायचं असेल तर आधी ही पाच घ्या, प्रांतवार मालिका मागाहून. मी चिकटलेली दोन पुन्हा मागवली आहेत. या वेळी ग्लासिनच्या, म्हणजे गुळगुळीत अर्धपारदर्शक कागदाच्या, पाकिटात पाठवायला सांगितलंय.