पाम स्प्रिंग्जमधलं पामर-क्रिसल घर: हिवाळा ते उन्हाळा राहून आलेला अनुभव

कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातलं पाम स्प्रिंग्ज शहर, तिथल्या ट्विन पाम्स भागातलं हे घर आम्ही ऑक्टोबरात भाड्याने घेतलं, आता ऑगस्ट संपत आलाय. या घरांचे फोटो बहुतेकांनी पाहिलेले असतात: दोन्ही बाजूंना वर उचललेलं बटरफ्लाय छप्पर, समोर दोन पामची झाडं, मागे स्विमिंग पूल. उन्हाळाही इथेच काढणाऱ्याने लिहिलेलं मात्र फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

डॅन पामर आणि विल्यम क्रिसल हे लॉस एंजेलिसचे वास्तुविशारद. जॉर्ज अलेक्झांडर आणि त्यांचा मुलगा रॉबर्ट या बिल्डर बापलेकांसाठी त्यांनी 1957 च्या सुमारास ही वसाहत आखली. तोवर असली आधुनिक घरं बहुतेक पैसेवालेच खास बांधून घ्यायचे. क्रिसलने तीच धाटणी बिल्डर एकगठ्ठा बांधून विकतात त्या मध्यमवर्गाच्या घरांत आणली. घर साधारण 1600 चौरस फुटांचं, जवळपास चौकोनी. आराखडा बहुतेक ठिकाणी तोच, फक्त प्लॉटवर वेगवेगळ्या दिशांना फिरवलेला आणि छप्पर बदललेलं. संध्याकाळी गल्लीतून चक्कर मारताना दोन घरं सारखी वाटत नाहीत. शेजाऱ्यांकडे आत गेलं की मात्र बाथरूम कुठे हे विचारावं लागत नाही!

आता राहण्याचं. आराखड्याला माझ्याकडून पैकीच्या पैकी. छपराचा भार खांब आणि तुळयांवर असल्यामुळे भिंतींना फारसं काम नाही, म्हणून छताखाली लांबलचक काचेची पट्टी बसवता आली आहे. तिथून सकाळी सॅन हासिंतोचा डोंगर दिसतो आणि पडदे लावूनही दिवसा दिवा लागत नाही. घर मोठं नाही, पण हॉलमधून पूल आणि मागचं अंगण थेट नजरेत येत असल्याने कोंडल्यासारखं कधी झालं नाही. पाहुणे असले तरी अडचण होत नाही. एकच तक्रार, स्वयंपाकघर उघडं आहे. मिरचीची फोडणी दिली की बेडरूममध्ये ठसका लागतो.

नोव्हेंबर ते एप्रिल या घरासारखं सुख नाही. मूळ गिऱ्हाईकही हिवाळ्यात सुट्टीला येणारंच होतं, हे इथे राहिल्यावर नीट कळतं.

खरा कस मेनंतर लागतो. मी नागपूरचा, उन्हाचं मला नवल नाही. पण 2024 च्या जुलैत या शहरात 124 अंश फॅरनहाइट, म्हणजे 51 सेल्सिअसची नोंद झाली आहे. आतून दिसणारी लाकडी फळ्यांची पाटणी हेच इथलं छत आणि त्यावर लगेच छप्पर. मध्ये पोटमाळा नाही, की हवेची पोकळी नाही. आमच्या घरमालकांनी वरून फोमचा पांढरा थर मारून घेतलाय, त्यामुळे निभावलं. काचा जुन्या, एकेरी आहेत. दुपारी त्यांना हात लावला तर चटका बसतो, आणि एसी संध्याकाळी उशिरापर्यंत थांबत नाही. जुलैचं विजेचं बिल जानेवारीच्या कितीतरी पट आलं.

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा दिशेचा. आमच्या हॉलची मोठी काच दक्षिणेला आहे. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा बाहेर आलेल्या छपराची सावली काचेवर पडते. हिवाळ्यात तोच सूर्य खाली उतरतो आणि ऊन थेट सोफ्यापर्यंत येतं. हा हिशोब चोख आहे. पण पलीकडच्या घरात हाच आराखडा फिरवून काच पश्चिमेला आलीय. तिथे तिरप्या उन्हापुढे छपराचं काही चालत नाही, म्हणून त्यांनी बाहेरून जाड पडदे सोडलेत. ज्या युक्तीने रस्ता देखणा झाला, तिचा भुर्दंड काही घरं अजून भरताहेत. क्रिसलचं कौतुक करणाऱ्यांनी हेही बोलावं असं मला मनापासून वाटतं, कारण घरं लोकांनी वापरायची म्हणूनच त्याने काढली होती.

देखभालीचं थोडक्यात. बटरफ्लाय छपराचं पाणी मधल्या पन्हळीत उतरतं. वाऱ्याने तिथे पाला आणि वाळू साचते, पावसाआधी साफ केलं नाही तर गळती ठरलेली. सरकत्या दारांच्या खाचेतही वाळू बसून दार अडतं. जुना टूथब्रश आणि व्हॅक्युम, दुसरा उपाय सापडला नाही.

फेब्रुवारीतल्या मॉडर्निझम वीकला, म्हणजे इथल्या आधुनिक वास्तुकलेच्या उत्सवाला, गल्लीत बघ्यांची गर्दी होते. लोक फाटकाशी थांबून फोटो काढतात, काही हळूच काचेतून डोकावतात. मला त्याचा त्रास वाटला नाही.

भाड्याने किंवा विकत घेणार असाल तर छपरावर इन्सुलेशन आहे का आणि काचा दुहेरी आहेत का, हे आधी विचारा. काही भागांत जमीन अग्वा कॅलिएंते या इथल्या मूळनिवासी जमातीची आणि लीजवर असते, तेव्हा विकत घेताना लीजची उरलेली वर्षंही बघा. आणि घर बघायला सकाळी जाऊ नका. उन्हाळ्यात दुपारी चारला जा आणि मोठ्या काचेसमोर दहा मिनिटं उभे राहा.